व्याधाचा उजेड उलगडण्याची कृती

बुटांचं रिकामं खोकं, दाढीची दोन पाती आणि पत्त्याएवढा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा एवढ्या भांडवलावर सूर्यात सोडियम आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. जोडीला कॅमेरा आणि ट्रायपॉड असेल तर व्याध हा तारा तापलेला आणि मृगातला काक्षी त्यामानाने थंड, हे त्यांच्याच उजेडावरून ठरवता येतं. काम दोन टप्प्यांचं आहे. दिवसा खोक्याने सूर्य पाहायचा आणि रात्री कॅमेऱ्याने तारा टिपायचा. पहिला टप्पा गाळून थेट ताऱ्याकडे जाऊ नका. वर्णपटातली काळी रेषा कशी दिसते हे डोळ्याला एकदा कळलं नाही, तर ताऱ्याच्या फोटोत ती समोर असूनही सापडत नाही.

साहित्य

मुख्य वस्तू म्हणजे ग्रेटिंग फिल्म. मिलिमीटरला ५०० रेघा असलेली फिल्म शालेय प्रयोगसाहित्याच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. तिच्यावरच्या रेघा डोळ्याला दिसत नाहीत, पण दोन रेघांमधलं अंतर २००० नॅनोमीटर, म्हणजे उजेडाच्या तरंगलांबीच्या तीन-चार पट असतं. त्यामुळे प्रत्येक रंग वेगळ्या कोनात वळतो. फिल्मला बोट लावू नका, कडेनेच धरा. जुनी सीडीही रंग पाडते, कारण तिच्यावरही मिलिमीटरला सुमारे ६२५ खाचा असतात. पण त्या गोलाकार असल्याने रेषा वाकतात. गंमत म्हणून सीडी चालेल, मापनाला फिल्मच घ्या.

बाकी लागेल ते असं: साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटरपेक्षा रुंद बुटांचं खोकं, काळा कागद, चिकटपट्टी, दोन पाती. रात्रीसाठी हाताने फोकस आणि एक्स्पोजर ठरवता येणारा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स आणि ट्रायपॉड.

पेटी

खोक्याला आतून सगळीकडे काळा कागद लावा. आतली भिंत पांढरी राहिली तर इकडून तिकडून परतलेला उजेड बारीक रेषा धुऊन टाकतो. अर्धवट दिसणाऱ्या बहुतेक पेट्यांचा दोष हाच असतो.

समोरच्या अरुंद बाजूला, डाव्या कडेपासून तीन सेंटिमीटरवर, बोटभर उंचीचं उभं भोक कापा. त्यावर दोन्ही पाती धार समोरासमोर करून चिकटवायची आहेत, मधे केसाएवढी फट ठेवून. ही फट डोळ्याच्या अंदाजाने जमत नाही. वहीचा एक कागद दोन धारांच्या मधे उभा धरा, पाती त्याला टेकवा, चिकटपट्टी लावा आणि मग कागद ओढून काढा. साध्या कागदाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते आणि आपल्याला तेवढीच फट हवी. फट रुंद झाली की पट झगझगीत दिसतो, पण रेषा एकमेकींत मिसळून जातात. मुलं करत असतील तर पात्यांचं काम मोठ्यांनी करावं.

आता फटीच्या बरोबर समोर, मागच्या बाजूला एक सेंटिमीटरचं भोक पाडा. फिल्मचा तुकडा आत्ताच चिकटवू नका, भोकावर नुसता धरा. झाकण लावून फट दिव्याकडे करा आणि भोकातून पाहा. फट सरळ समोर पांढरी दिसेल आणि तिच्या उजवीकडे रंगांचा पट्टा. तो पट्टा तिरका किंवा खाली-वर गेला तर फिल्म फिरवा. बरोबर आडवा आला की चिकटवून टाका. तीस सेंटिमीटरच्या खोक्यात जांभळा रंग फटीपासून सुमारे सहा सेंटिमीटरवर आणि लाल सुमारे अकरा सेंटिमीटरवर दिसेल.

घरातले दिवे

पहिल्यांदा साधा पिवळा बल्ब बघा, तारेचा, जुन्या पद्धतीचा. लालपासून जांभळ्यापर्यंत अखंड पट्टा दिसेल, कुठेही खंड नाही. तापलेली घन वस्तू अशीच उजळते. मग जुनी ट्यूबलाइट किंवा सीएफएल बघा. इथे पट्टा तुटतो आणि काही रंगांच्या उभ्या रेघा चमकून उठतात. त्यातली निळी-जांभळी ४३५.८ नॅनोमीटरची आणि हिरवी ५४६.१ नॅनोमीटरची, या दोन्ही नळीतल्या पाऱ्याच्या. या दोन रेघा म्हणजे तुमच्या पेटीची फूटपट्टी. आतल्या भिंतीवर त्यांच्या जागी पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करा. एका सेंटिमीटरला सुमारे ६० नॅनोमीटर असं प्रमाण यायला हवं.

तिसरी पाळी स्वयंपाकघराची. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ पडलं की ज्योत पिवळी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. पेटीतून तो पिवळा रंग पट्टा नसून एकच कडक रेघ आहे हे दिसतं. ती रेघ सोडियमची, ५८९ नॅनोमीटरवरची. खरं तर तिथे ५८९.० आणि ५८९.६ अशा दोन रेघा आहेत, पण आपल्या पेटीत त्या सुट्या होत नाहीत. हिचीही खूण करून ठेवा, तिची लगेच गरज पडणार आहे.

सूर्य

सूर्याकडे पेटी कधीही, अगदी क्षणभरही धरायची नाही. निळं आकाश किंवा उन्हात उजळलेला पांढरा ढग पुरे. तो उजेडही सूर्याचाच. सकाळी नऊ-दहाला, सूर्याकडे पाठ करून, फट आकाशाकडे करा आणि डोळा अंधाराला सरावेपर्यंत मिनिटभर थांबा.

आधी नुसतं इंद्रधनुष्य दिसेल. मग हिरव्या-निळ्याच्या सीमेवर, ४८६ नॅनोमीटरच्या आसपास, एक बारीक काळी उभी रेघ जाणवेल. एक सापडली की बाकीच्या सापडायला लागतात: हिरव्यात मॅग्नेशियमच्या ५१७ ते ५१८ च्या रेघांचा जुडगा, लालमध्ये ६५६ ची हायड्रोजनची. आणि तुमच्या मिठाच्या खुणेवर, नेमकी तिथेच, एक काळी रेघ. ज्योतीत चमकत होती तीच.

दोन्हीमागचं कारण एकच आहे. सोडियमचा अणू ठरावीक तरंगलांबीचाच उजेड सोडतो आणि तोच गिळतो. ज्योतीच्या मागे अंधार असतो म्हणून सोडलेला उजेड दिसतो. सूर्यात मागे, म्हणजे खाली, प्रखर पृष्ठ आहे आणि वरच्या त्यामानाने थंड थरातला सोडियम तेवढाच रंग अडवतो. योझेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या पटात अशा ५७४ रेघा मोजल्या होत्या, पण त्या कशाच्या हे त्यांना कळलं नव्हतं. किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये प्रयोगशाळेतल्या ज्योतींशी ताळा जुळवला, तेव्हा उलगडा झाला. तुम्ही गॅसच्या शेगडीशी जे केलंत ते त्यांचंच काम.

या पिवळ्या रेघेच्या शेजारच्या रेघेशी आपल्या कोकणाचाही संबंध आहे, आणि तो बऱ्याचदा चुकीचा सांगितला जातो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला होते. ग्रहण संपल्यावरही सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या रेघा दिसू शकतात हे त्यांच्या तिथे लक्षात आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून तसंच निरीक्षण केलं. या ज्वाळांत ५८७.६ नॅनोमीटरची एक पिवळी रेघ होती. ती सोडियमच्या जवळची, पण सोडियमची नव्हे. ती ज्या वायूची, त्याला पुढे हेलियम हे नाव मिळालं आणि पृथ्वीवर तो वायू हाती आला १८९५ मध्ये, रॅमसे यांच्या. लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे त्या मोहिमेची आठवण आहेत, हेलियमच्या शोधाची नव्हे. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला करमाळ्याजवळच्या जेऊरला तळ ठोकून होते. विजयदुर्गएवढंच जेऊरचंही नाव घेतलं गेलं पाहिजे असं मला वाटतं.

पेटी ठेवून देण्याआधी एक करा. संध्याकाळी सूर्य क्षितिजाशी आला की त्याच्याजवळचा ढग पाहा, सूर्य नव्हे. गडद लालमध्ये ६८७ नॅनोमीटरला एक काळा पट्टा दुपारपेक्षा ठळक झालेला दिसेल. तो सूर्याचा नाही. आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनचा आहे, आणि उजेड तिरपा येऊन जास्त हवेतून गेला म्हणून गडद झाला. ताऱ्याच्या पटातही हा येतो, तेव्हा फसू नका.

रात्र

ताऱ्याला फट लागत नाही. तो आधीच टिंबाएवढा आहे, म्हणजे तोच फट. फिल्म सरळ लेन्ससमोर बसवायची. पुठ्ठ्याची कडी कापून तिला तीन सेंटिमीटरची खिडकी ठेवा, त्यावर फिल्म ताणून चिकटवा आणि कडी लेन्सच्या तोंडावर घट्ट बसेल असं करा. फिल्मला सुरकुती पडली तर पट फाटल्यासारखा येतो.

दिवाळीनंतरचं कोरडं आकाश यासाठी उत्तम. जानेवारीअखेर रात्री साडेदहाच्या सुमारास व्याध बरोबर दक्षिणेला येतो, महाराष्ट्रातून क्षितिजापासून साधारण ५५ अंशांवर. मृगातले काक्षी आणि राजन्य, वृषभेची रोहिणी, वरती ब्रह्महृदय, सगळे तेव्हा हाताशी असतात.

कॅमेरा आधी थेट व्याधावर धरा आणि हाताने फोकस करा, फिल्म लावूनच. तारा सुईच्या टोकाएवढा झाला की फोकसच्या रिंगला चिकटपट्टी लावून टाका. आता कॅमेरा उभा करा आणि ताऱ्यापासून १६ अंश वर किंवा खाली वळवा. हात लांब केल्यावर मूठ सुमारे दहा अंशांची दिसते, म्हणजे दीड मुठीपेक्षा थोडं जास्त. ५०० रेघांची फिल्म उजेड इतका वळवते की तारा चौकटीच्या मध्यावर ठेवला तर त्याचा पट कडेला किंवा बाहेर जातो. नवशिके इथेच हरतात. ताऱ्यावरच रोख धरून बसतात आणि पट चौकटीबाहेर जातो.

पट उभाच का? व्याध दक्षिणेला असताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे आडवा सरकतो. पट उभा आणि सरकणं आडवं असलं की नाहीतर दोऱ्याएवढा राहणारा पट आपोआप पट्टीसारखा रुंद होतो आणि काळ्या रेघा त्या पट्टीला आडव्या छेदताना दिसतात. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर तारा सेकंदाला साधारण एक पिक्सेल सरकतो, म्हणून २० ते ३० सेकंदांचं एक्स्पोजर द्या. इथे ताऱ्यांचा पाठलाग करणारी मोटर मुळीच नको. कडी लेन्सवर फिरवून पट नीट उभा येतो की नाही ते दोन-तीन फोटोंत तपासा. आयएसओ ३२००, छिद्र एफ २ ते २.८, आणि फोटो रॉ स्वरूपात. प्रत्येक ताऱ्याचे दहा फोटो घ्या. वेळ, तारा, एक्स्पोजर वहीत लगेच लिहा, सकाळी आठवत नाही.

शहराच्या उजेडाची फार चिंता करू नका. आकाशाची धूसर पार्श्वभूमी वाढते, पण रेघा पुसल्या जात नाहीत. मात्र रस्त्यावरचा दिवा नजरेच्या टप्प्यात असेल तर त्याचाही पट फोटोत घुसतो, तो भिंतीआड ठेवा.

मोजणी

फोटो संगणकावर घ्या. इमेजजे हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्यात पट्टीच्या लांबीवर चौकोन ओढून उजेडाचा आलेख काढता येतो. काळी रेघ म्हणजे आलेखातला खड्डा.

व्याधाच्या पटात हे खड्डे इतके ठळक असतात की शंका राहत नाही. निळसर हिरव्यात पहिला, निळ्यात दुसरा, जांभळ्यात तिसरा, आणि त्यांच्यामधली अंतरं कमी कमी होत जातात. हायड्रोजनची ही शिडी: ४८६.१, ४३४.०, ४१०.२. लालमधली ६५६.३ ची पायरीही आहे, पण कॅमेऱ्यातला फिल्टर तो भाग मंद करतो. समजा पहिला खड्डा १८४० व्या पिक्सेलला आणि दुसरा १५१० व्या पिक्सेलला आला. तर ३३० पिक्सेलमध्ये ५२.१ नॅनोमीटर, म्हणजे पिक्सेलला ०.१५८. या हिशेबाने तिसरा खड्डा १३५९ च्या आसपास हवा. तो तिथे सापडला तर तुमचं मोजमाप बरोबर. मग हीच पट्टी त्या रात्रीच्या बाकी ताऱ्यांना लावा. त्यांच्या पटात पिक्सेलची सुरुवात सरकलेली असेल, म्हणून एखादी ओळखीची रेघ शोधून तिच्यावर पट्टी टेकवा.

वाचन

आता व्याध आणि काक्षीचे पट एकाखाली एक ठेवा. व्याधात हायड्रोजन आणि जवळपास दुसरं काही नाही. काक्षीत हायड्रोजनचा पत्ता नाही. उलट पटावर रुंद सावल्या आहेत, निळ्या बाजूने एकदम तुटलेल्या आणि लालकडे हळूहळू विरणाऱ्या. त्या टायटॅनियम ऑक्साइडच्या रेणूंच्या.

इथे पहिला निष्कर्ष मनात येतो तो असा की व्याध हायड्रोजनचा आणि काक्षी टायटॅनियमचा. तो चूक आहे, आणि खगोलशास्त्रज्ञांनीही बराच काळ तशीच चूक केली. सूर्याच्या पटात लोखंडाच्या आणि इतर धातूंच्या रेघांची गर्दी आहे म्हणून सूर्याची घडण पृथ्वीसारखीच असावी असं मानलं जात होतं.

गुंता सोडवणारं सूत्र १९२० मध्ये मेघनाद साहांनी दिलं. कोणत्या तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन निसटतात याचं ते गणित होतं. आपल्या हायड्रोजनच्या शिडीचंही तसंच आहे. ही शिडी गिळायला अणूचा इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर चढलेला लागतो. सूर्याच्या ५७७२ केल्विनला साधारण वीस कोटी हायड्रोजन अणूंत असा एखादाच असतो. व्याधाच्या सुमारे ९९०० केल्विनला तो चाळीस हजारांत एक होतो. पाच हजार पटींचा हा फरक पदार्थाचा नाही, तापमानाचा आहे. काक्षीच्या सुमारे ३५०० केल्विनला तर हायड्रोजन मूग गिळून बसतो आणि थंडीमुळे टिकलेले रेणू बोलू लागतात. टायटॅनियम तिथे चिमूटभरच असतं, पण त्याचा रेणू उजेड गिळण्यात फार तत्पर.

साहांचं गणित घेऊन सिसिलिया पेन यांनी हार्वर्डमध्ये ताऱ्यांचे पट वाचले आणि १९२५ च्या प्रबंधात उत्तर काढलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आणि हेलियमचे आहेत. ज्येष्ठ खगोलज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांना ते पटलं नाही आणि त्यांच्या सल्ल्यावरून पेन यांनी स्वतःच्याच निष्कर्षावर तो बहुधा खरा नसल्याचा शेरा लिहिला. १९२९ मध्ये रसेल स्वतः त्याच उत्तरापाशी पोचले. पेन यांचं पहिलं वाचनच बरोबर होतं.

म्हणून वाचनाचा क्रम पाळा. आधी तापमान, मग पदार्थ. हायड्रोजनची शिडी ठळक आणि बाकी पट स्वच्छ असेल तर तारा दहा हजार केल्विनच्या आसपास. शिडी फिकी आणि धातूंच्या बारीक रेघा भरपूर असतील, जसं ब्रह्महृदयात, तर तो सूर्याच्या जातीचा. रेणूंच्या सावल्या दिसल्या तर चार हजारांच्या खाली. पटातला कुठला रंग जास्त उजळ आहे यावरून तापमान काढायला जाऊ नका. पुस्तकात ती रीत असते, पण तुमच्या कॅमेऱ्याला हिरवा जास्त दिसतो आणि गडद लाल कमी, त्यामुळे आलेखाचा माथा ताऱ्याचा नसून कॅमेऱ्याचा असतो. रेघा मात्र कॅमेरा बदलला तरी जागा सोडत नाहीत.

राजन्य शेवटी बघा. तो सुमारे १२ हजार केल्विनचा, व्याधापेक्षा तापलेला. त्याच्यातही हायड्रोजनची शिडी आहे, पण खड्डे अरुंद. काही अंशी कारण तापमान, पण मोठं कारण दाब. राजन्य फुगलेला महाराक्षसी तारा आहे. त्याच्या वातावरणात अणू एकमेकांपासून लांब आहेत. व्याधात ते दाटीने एकमेकांना धक्के देतात, म्हणून रेघ पसरते. तारा राक्षसी आहे की साधा हे दुर्बिणीतून टिंबाकडे पाहून कळत नाही, रेघेच्या रुंदीवरून कळतं.

एका गोष्टीची अपेक्षा या साधनाकडून ठेवू नका. तारा जवळ येतो की लांब जातो हे रेघेच्या सरकण्यावरून कळतं. विल्यम हगिन्स यांनी १८६८ मध्ये व्याधावरच तसा प्रयत्न केला होता. पण सेकंदाला ३० किलोमीटर वेगामुळेही पिवळी रेघ फक्त ०.०६ नॅनोमीटर सरकते आणि आपल्या फोटोतली रेघच एक नॅनोमीटरच्या आसपास जाड येते. फोटोत तुम्हाला रेघ सरकलेली दिसली तर ती ट्रायपॉड हलल्याने.

पहिल्या रात्री एकाच ताऱ्यावर थांबू नका. व्याध आणि काक्षी दोन्ही घ्या, त्याच फिल्मने, त्याच आयएसओवर, तासाभराच्या आत. एकट्या पटातून कळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दोन पट शेजारी ठेवल्यावर कळतं. काक्षीचा तेजस्वीपणा बदलता आहे, २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तो नुसत्या डोळ्यांनाही मंदावलेला दिसला होता. तेव्हा दर हिवाळ्यात त्याचा एक पट घेऊन तारखेसह जपून ठेवा.